दोन आखूड, एक लांब

नवऱ्याला ध्येय असलंच पाहिजे, असं मी एका दुपारी म्हशीची ढेप भिजत घालताना ठरवलं आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं. (ढेप मात्र चांगली भिजली.)

माझे यजमान इंद्रभान ट्रक चालवतात. मेहकर तालुक्यातल्या खेड्यांमधून कापूस भरायचा, खामगावच्या जिनिंगवर नेऊन टाकायचा आणि येताना कुणाचा किराणा, कुणाचं रॉकेल, कुणाचे पत्रे घेऊन परतायचं. ट्रक शेठचा, रस्ता सरकारचा आणि धूळ आमची.

बी. ए. झालेल्या मुलीनं ट्रक ड्रायव्हरशी लग्न कसं केलं, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर असं की, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी ‘श्रमाची प्रतिष्ठा’ या विषयावर बोलले आणि पहिला नंबर मिळवला. हाताला काम असलेल्या माणसालाच वरमाला घालीन, असं म्हणून मी टेबलावर मूठ आपटली. दुर्दैवानं वडील पहिल्याच रांगेत बसले होते. महिन्याभरात त्यांनी स्थळ आणलं. म्हणाले, “मुलगा श्रम करतो.” आता नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

माणूस चांगला निघाला, हे मी मान्य करते. पण योजना म्हणून काही नाही! इकडे सरकारची तिसरी पंचवार्षिक योजना चालू. कुठे धरण, कुठे कारखाना, कुठे काय. आणि आमचे यजमान उद्या कुठे जायचं ते उद्या शेठला विचारून ठरवणार. म्हणून त्या दुपारी मी त्यांना समोर बसवलं.

“पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?”

“कोठी म्हंजे? जिनिंगच्या फाटकात, लायनीत उभा असन.”

“तसं नाही हो! ध्येय विचारते आहे मी. एक धंद्यातलं आणि एक खाजगी.”

ते बराच वेळ डोकं खाजवत राहिले. मग म्हणाले, “धंद्यातलं म्हनशीन तं सोताचा टरक. मांगं-पुढं शेठचं नाव नाही, आपलंच.”

मी खूश झाले. “आणि खाजगी?”

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग चुलीकडे, मग आढ्याकडे. “ते बी हाये. पन सांगत नाही.”

“का?”

“अवं, खाजगी हाये ना!”

कोपऱ्यात माझ्या सासूबाई, वच्छलाबाई, तूर पाखडत होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. त्या हसल्या, हे मी शपथेवर सांगते. ओट्यावरून सासरे, पंजाबराव, म्हणाले, “अन् मले काई ध्येय देत नाही का वं, सूनबाई?”

“तुमचं वय झालं, मामाजी.”

“हाव. मंग मी आपला जानेफळले भजनाले जातो.” असं म्हणून त्यांनी टोपी घातली आणि निघालेही. वयस्कर माणसांचं हे असं असतं. कशाचं गांभीर्य नाही.

आता भोंग्याची गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात ड्रायव्हरची बायको घड्याळ पाहत नाही. गाडी गावाबाहेरच्या वळणावर आली की ड्रायव्हर भोंगा वाजवतो आणि बायको तवा चुलीवर ठेवते. प्रत्येकाचा भोंगा वेगळा. आमचा दोन आखूड, एक लांब. लग्नानंतर पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा माझे कान गरम झाले होते. एवढं मोठं धूड, टनभर लोखंड, चौघांत उभं राहून माझ्या एकटीच्या नावानं हाक मारतंय! कुठल्या प्रोफेसरच्या बायकोला असं सुख मिळालं असेल?

तर ध्येय ठरलं आणि यजमान बदलले. पूर्वी जेवताना मिठावरून कुरकुरायचे, भाकरी उलटीपालटी करून पाहायचे. मी आमच्या घरात शास्त्रीय आहार सुरू केला होता. तेल थेंबभर, तिखट बंद, भाज्या नुसत्या उकडलेल्या, म्हणजे जीवनसत्त्वं शाबूत. (सासूबाई म्हणायच्या, जीवनसत्त्वं शाबूत हायेत, जीव जाऊन राह्यला. अडाणीपणा!) ते यजमान आता अर्धी भाकरी मोडायचे, उकडलेल्या दुधीकडे प्रेमानं पाहायचे आणि म्हणायचे, “वा!”

बायांनो, लग्नाला दोन वर्षं झालेला नवरा उकडलेल्या दुधीला ‘वा’ म्हणाला, तर समजा की पाणी मुरतंय.

मी पाळत ठेवली. माणूस अर्धी भाकरी खातो आणि अंगानं भरत चालला आहे. घरी येतो तो शीळ वाजवत. एकदा मी त्यांच्या सदऱ्याचा वास घेतला. अत्तराचा आला असता तर मी समजू शकले असते. वास आला लसणीच्या फोडणीचा! माझ्या पायाखालची जमीन सरकली. अत्तर म्हणजे येणं-जाणं. फोडणी म्हणजे संसार.

तेवढ्यात जनकाबाई कासारीण आली. ती जानेफळची. बांगड्यांचा हारा डोक्यावर घेऊन गावोगाव फिरते आणि बांगडी हातात चढत नसेल तेव्हाच नेमकी बातमी सांगते, म्हणजे गिऱ्हाइकाला पळता येत नाही.

“तुह्या इंदरचा भोंगा रोज आयकते मी, पोरी,” ती माझी बोटं चेपत म्हणाली.

“इथे? तुम्ही तर महिन्यातून एकदा येता.”

“इथी नाही वं. आमच्या गावात. दोन आखूड, एक लांब. भोंगा वाजला का झुंबरबाईच्या घरातून धूर निंगते पाय!”

बांगडी फुटली. चुकीनं नव्हे.

माझा भोंगा! माझे दोन आखूड, माझा एक लांब, आणि तवा चढतो जानेफळला! नवऱ्यानं दुसऱ्या बाईला पातळ घेतलं असतं तर मी एक वेळ दोन दिवस माहेरी जाऊन परत आले असते. पण माझाच भोंगा तिला द्यायचा? निदान एखादा वेगळा तरी शोधायचा! ते खाजगी ध्येय काय होतं ते आता मला स्वच्छ दिसलं. धंद्यात एक ट्रक आणि खाजगीत दोन चुली.

मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी सुपातली तूर पुन्हा पाखडायला घेतली. (ती पाखडून झाली होती.)

“डायवरच्या बायकोनं रस्त्यावरचं काई इचारू नये,” त्या म्हणाल्या. “घरी येते ना? मंग झालं.”

“आत्याबाई, तुमच्या पिढीनं निमूट सहन केलं, म्हणून आमच्यावर ही वेळ आली!”

“हाव बाई. लई सहन केलं. अजून करून राह्यलो.”

“मी जानेफळला जाते. आत्ताच्या आत्ता.”

सुपातली तूर सांडली. “आज? आज नोको जाऊ वं. आज भजनाचा दिवस हाये. उद्या जाय. नाही तं पोयाच्या सनानंतर जाय.”

हे बोलताना त्यांचा चेहरा असा झाला होता की मला दुसरी शंका आली. यांना सगळं माहीत आहे! मुलाचा दुसरा संसार सासूबाईंच्या संमतीनं चालला आहे! मी पायांत वहाणा सरकवल्या आणि एस. टी. पकडली. वाटेत खिडकीशी बसून मी भाषणाची जुळवाजुळव केली. सुरुवात ‘भारतीय राज्यघटनेनं स्त्रीला’ अशी होती. शेजारचे पागोटेवाले गृहस्थ उठून मागच्या बाकावर जाऊन बसले.

झुंबरबाईचं घर सापडायला वेळ लागला नाही. वळणावरच होतं. पाटी नाही, काही नाही. मी समोरच्या कडब्याच्या गंजीआड उभी राहिले. तेवढ्यात भोंगा वाजला. एक लांब, तीन आखूड. आमचा नव्हे. पण घराच्या धुराड्यातून धूर निघाला! ट्रक थांबला, एक मिशाळ माणूस पाय धुऊन आत गेला. पाठोपाठ दुसरा भोंगा, नुसता लांबच लांब. पुन्हा धूर. आणखी एक आत.

माझ्या अंगावर काटा आला. एकूण किती जणांशी संसार मांडला होता या बाईनं?

आणि मग आला. दोन आखूड, एक लांब. यजमानांनी उडी मारली, पायांवर पाणी घेतलं, केसांवरून हात फिरवला (माझ्या घरात शिरताना कधी फिरवला नाही!) आणि दार ओलांडलं. पुरावा पक्का व्हावा म्हणून मी थोडा वेळ जाऊ दिला, पदर खोचला आणि आत घुसले.

“भारतीय राज्यघटनेनं...” एवढंच मी म्हणू शकले.

आत गोणपाटांवर ओळीनं माणसं जेवत होती. ओळीत शेवटी माझे यजमान. आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून, कांद्यावर मूठ उगारलेले, माझे सासरे!

“मामाजी! भजन?”

मामाजींनी काहीतरी सांगितलं, पण तोंडात भाकरी असल्यामुळे ते समजलं नाही. यजमानांचा घास हातातच राहिला. कांदा मात्र फुटला.

चुलीपुढची बाई वळली. सगळे केस पांढरे, मनगटं ट्रकच्या जॅकसारखी, वय सासूबाईंपेक्षा थोडं जास्तच. हीच झुंबरबाई.

“कोन वं तू?” ती म्हणाली. “कोनत्या भोंग्याची?”

“कोणत्या भोंग्याची म्हणजे काय! दोन आखूड, एक लांब! मी त्यांची बायको!”

“असं काय! बस ना मंग. दोन आखूड एक लांब म्हंजे पाच भाकरी, पिठलं, वरून ठेचा. तो मिशावाला एक लांब तीन आखूड, त्याले वांगं लागते. मांगचा तो लांबच लांब, तो आयत्या वक्ती येते अन् घाई करते. भोंगा आयकला का मले समजते, पीठ किती मळाचं. पाटी कायले लागते?”

मिशाळ माणसानं मान हलवली. मला हळूहळू उमगलं. भोंगा माझ्या नावाचा कधीच नव्हता. तो भाकऱ्यांचा होता.

“पण का?” मी यजमानांना विचारलं. आवाज मी ठेवला होता तेवढा चढा राहिला नाही. “घरी मी तवा ठेवून बसते. मग इथे का?”

ते उभे राहिले. पिठल्याचा हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. “तूनंच तं म्हनलं होतं, ध्येय ठरवा. मी ठरोलं. तू रांधशीन त्याले जल्मभर नाव ठेवाचं नाही. एक सबुद नाही.” त्यांनी हात सदऱ्याला पुसला. “उपाशीपोटी जमत नव्हतं वं. दोन दिवस करून पाह्यलं. मंग जेवून येऊ लागलो, तं जमाले लागलं. आता ते दुधी बी गोड लागते.”

ओळीतली सगळी माणसं खाली मान घालून जेवू लागली. त्या मिशाळानं तर डोळे पुसले. (ठेच्यामुळे असेल.)

मी आणखी काही बोलणार, तोच मला चुलीच्या कडेला फडक्यात बांधलेला पितळी डबा दिसला. कुणाच्याही पुढे नव्हता. ट्रकमध्ये न्यायला तयार होता.

“हा कुणाचा?”

 मामाजींनी घास गिळला. “तुह्या सासूचा. ते मांगच्या दारानं घेते. गोठ्यात बसून खाते बिचारी.”

मी मटकन गोणपाटावर बसले. झुंबरबाईनं न विचारता ताट वाढलं. अपमान झालेल्या स्त्रीनं अन्नाला शिवू नये, हे मला माहीत आहे. पण पिठल्याची वाफ नाकात गेली. मी रागारागानं पहिली भाकरी खाल्ली. दुसरी जरा कमी रागानं. चौथीच्या वेळी मी ठेचा पुन्हा मागितला, तेव्हा यजमान हळूच म्हणाले, “वा म्हन ना.” मी म्हटलं नाही.

पण मी हट्टी आहे. दुसऱ्या दिवसापासून मी रोज एस. टी.नं झुंबरबाईकडे स्वयंपाक शिकायला जाऊ लागले. तिनं जीव तोडून शिकवलं. मी भाकरी थापली, ती म्हणाली, पातळ कर. पातळ केली, तर तिला भोक पडलं. पिठलं ढवळलं, त्याच्या गुठळ्या झाल्या. लांबच लांब भोंगेवाला पुढच्या गावात जेवू लागला. मिशाळ माणसानं रस्ता बदलला.

आठवड्यानंतर झुंबरबाई स्वतः आमच्या घरी आली. ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि सासू-सासऱ्यांना म्हणाली, “पोरगी लई हुशार हाये. तिले जानेफळच्या पोरींच्या शाळेत मास्तरीन करा. जागा हाये. मी इचारून आली.”

मला हसू आलं. आमच्या घराण्यात सून नोकरीला जात नाही, हे मामाजींचं ठाम मत. त्यावरून त्यांनी एकदा पाहुण्यांशी अबोला धरला होता. सासूबाईंना तर सून दुपारी शेजारी गेलेलीही खपायची नाही. मी वाद घालायला पदर खोचला. राज्यघटनेपासून सुरुवात करणार होते.

पण माझं पहिलं वाक्य सुरू व्हायच्या आत सासूबाईंनी झुंबरबाईच्या हातावर साखर ठेवली. यजमान बाहेर गेले आणि शेजाऱ्याची सायकल माझ्यासाठी पुसू लागले. आणि मामाजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“खुशाल नौकरी कर, पोरी,” ते म्हणाले. “अट एकच हाये. सकाळी चूल पेटाच्या आंधी निंगाचं अन् सांजीले जेवनं झाल्यावर याचं.”