अहो आईंच्या पेल्यातला बर्फ

कट्ट!

जिनच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि सगळं घर जागच्या जागी थिजलं. धाकटे साहेब आत्ता कुठे पाळण्यात डोळे मिटून पडले होते. तान्हं बाळ झोपलेलं असताना आवाज करणं म्हणजे तारेवर चालणाऱ्याने मध्येच शिंकण्यासारखं! सूनबाई झाकण हातात धरून एका पायावर उभी राहिली. साहेबांनी ओठ चोखले, मूठ उघडली, मिटली आणि पुन्हा झोपले.

"हुश्श! दहा मिनिटांचं काम आहे," सूनबाई नवऱ्याच्या कानात कुजबुजली. "एक जिन, एक गोडसर वाइन, एक ही लालभडक कडू दारू. तिन्ही सारख्या मापाने, वर बर्फ. यात चुकण्यासारखं आहेच काय?"

हे वाक्य ज्या ज्या स्वयंपाकघरात उच्चारलं गेलंय, तिथला ओटा पुढे आठवडाभर चिकट राहिला आहे!

पण बेत मनापासूनचा होता. सासूबाई उद्या सकाळच्या बसने आपल्या घरी परत निघणार होत्या. त्यांचा सगळा जन्म बसमध्ये कंडक्टर म्हणून गेला, त्यामुळे सगळी दुनिया त्यांना कंडक्टरबाईच म्हणायची. बाळ झालं त्याच दिवशी त्या पिशवी घेऊन दारात हजर झाल्या, "पुढे सरका, पुढे सरका" करत घराचा ताबा घेतला आणि विस्कटलेलं घर वेळापत्रकावर धावायला लागलं. सुरुवातीला सूनबाईला दूधच येईना. उशीत तोंड खुपसून ती रडायची. तेव्हा कंडक्टरबाईंनी तिच्या पुढ्यात गरम सूप ठेवलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "गाडी डेपोतून निघायला उशीर करते गं. एकदा निघाली की थांबत नाही." आणि खरंच, निघाली ती थांबली नाही!

या सगळ्याबद्दल सूनबाईला त्यांचे आभार मानायचे होते. रोज ठरवायची. पण शब्द घशापर्यंत यायचे आणि ऐन वेळी "अहो आई, चहा टाकू का?" होऊन बाहेर पडायचे. आज शेवटची संध्याकाळ. सोमवारपासून ती परत चष्म्याच्या दुकानात कामावर, बाळ पाळणाघरात. आज नाही तर कधीच नाही!

कंडक्टरबाई निवृत्त झाल्या, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना हॉटेलात नेऊन एक लाल पेय पाजलं होतं. "आधी कडू, मग गोड. अगदी नोकरीसारखं!" त्या अजून सांगायच्या. "पुन्हा काही योग आला नाही." तो योग सूनबाई आज घरच्या घरी जुळवून आणणार होती. तोंडाला जमत नाही ते पेल्याने बोलून टाकायचं!

फक्त बाळ अंगावर पीत होतं, त्यामुळे तिला स्वतःला थेंबही चाखता येत नव्हता. चाखायला नवरा. तो लिफ्ट दुरुस्त करतो, म्हणून तिची सगळी भिस्त त्याच्या नेमकेपणावर. माप म्हणून त्याने तापाच्या औषधाचं टोपण आणलं.

"कसं लागतंय?"

"कडू."

तिने गोड वाइन ओतली. "आता?"

"गोड. खोकल्याच्या औषधासारखं."

"टोपण धुतलं होतंस ना?"

नवऱ्याने टोपण हुंगून पाहिलं. "आता धुतो."

पुन्हा पहिल्यापासून! कडू वाढवलं की गोड कमी, गोड वाढवलं की जिन कमी. दर दुरुस्तीला एक घोट. पेल्यातला ऐवज मोठ्या जगमध्ये गेला आणि नवऱ्याचे कान लाल झाले.

"आता अगदी बरोबर," फ्रीजला टेकत तो म्हणाला. "लिफ्ट मजल्याला लागली. हा फ्रीज तेवढा हलतोय."

"फ्रीज नाही हलत. बर्फ घाल आणि घेऊन ये. मी अहो आईंना बोलावते."

टेबलाखाली थोरली चित्रं रंगवत बसली होती. वय वर्षं पाच, टोपणनाव प्रश्नपत्रिका. ती म्हणाली, "बाबा, फ्रीजला चक्कर येते का?" पण बाबा फ्रीजरमध्ये डोकं घालून बसले होते. नेहमीच्या ट्रेमध्ये ऐन वेळी असतं तेच होतं, म्हणजे काही नाही. मागे मात्र निळ्या झाकणाचा एक ट्रे, त्यात एकसारखे, पांढरेशुभ्र चौकोन! बायको किती तयारीची, म्हणत त्याने अख्खा ट्रे जगमध्ये उलटा केला.

कंडक्टरबाई पिशवीवर बसून तिची चेन ओढत होत्या, त्या उठून आल्या. पेला हातात घेऊन उजेडासमोर धरला.

"तेव्हा लाल होतं. हे गुलाबी कसं?"

"घरचं आहे ना, अहो आई."

त्यांनी घोट घेतला. डोळे मिटले.

"अगं, काय मऊ लागतंय! तेव्हाचं जिभेला चावत होतं. हे चावतंय, पण दात न आलेल्या बाळासारखं!" पेला बघता बघता रिकामा झाला. "आण अजून."

सूनबाईचा ऊर भरून आला. आता बोलायचंच! "अहो आई, मला तुम्हाला... म्हणजे तुम्ही... चहा टाकू का?"

"यावर चहा?"

तेवढ्यात टेबलाखालून डोकं बाहेर आलं. "आई, आजी बाळाचा बर्फ का पितेय?"

"बाळाचा कुठला बर्फ?"

"निळ्या झाकणाचा. तू घुर्रघुर्र मशिनने काढतेस ना, तो."

घर पुन्हा थिजलं. नवऱ्याने ओठांशी नेलेला पेला वीज गेलेल्या लिफ्टसारखा सावकाश खाली आणला. "मला वाटलं, भारीतला बर्फ आहे," तो पुटपुटला.

सोमवारपासून पाळणाघरात द्यायला काढून गोठवलेल्या अंगावरच्या दुधाची बेगमी होती ती! एकेक चौकोन म्हणजे तिने सोडलेली एकेक डुलकी. सूनबाईला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही सुरू केलं. "अहो आई, थुंका! म्हणजे तसं नाही, पण ठेवा तो पेला!"

कंडक्टरबाईंनी हात वर केला. "थांबा! चालत्या गाडीतून कुणी उतरायचं नाही."

आणि त्यांनी दुसरा पेला तळापर्यंत संपवला, ओठ पुसले. "सांडून टाकू होय? याच्या थेंबाथेंबासाठी आपण दोघी रडलोय."

"तुम्ही? तुम्ही कधी रडलात?"

"तुझा डोळा लागला की. कंडक्टरने प्रवाशांसमोर रडायचं नसतं."

"तुम्ही नसतात तर हे माझ्याच्याने झालं नसतं हो," सूनबाई म्हणाली. त्यात चहाचा थेंबही नव्हता!

कंडक्टरबाईंनी नाक ओढलं आणि पर्समधून उद्याचं तिकीट काढलं. "जन्मभर लोकांना सांगितलं, काढलेलं तिकीट परत होणार नाही. आज माझंच परत करते. ट्रे भरेपर्यंत मुक्काम इथेच. तोवर बाळाला तुझ्याकडे पाजायला घेऊन दुकानात मी फेऱ्या मारीन." मग मुलाकडे वळून, "तू पिशवी उघड. आणि हिला आधी झोपू दे, मशिन मग!"

सूनबाईने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. खांद्याला जिनचा वास येत होता आणि बाळाच्या पावडरचाही.

प्रश्नपत्रिका बोटांवर काहीतरी जुळवत होती.

"आई, आजी तुझं दूध प्यायली. म्हणजे ती तुझं बाळ झाली ना?"

"झाली म्हण," सूनबाई डोळे पुसत हसली.

"आणि बाबा आजीचं बाळ."

"हो गं राणी."

"मग बाबा तुझा नातू का?"