घड्याळजींची ऐसपैस शाल

"उद्या ही सांभाळता आली नाही, तर सरळ माझ्या भावाला देऊन टाकणार," असे घड्याळजींच्या पत्नीने बजावले, तेव्हा घड्याळजी आरशासमोर नव्या शालीच्या घड्यांतून आपले हात शोधत होते.

ही शाल म्हणजे यहुदी पुरुषांनी प्रार्थनेच्या वेळी पांघरावयाचे पवित्र वस्त्र, तालित. शुभ्र लोकर, काळे पट्टे आणि चारही कोपऱ्यांना गाठी मारलेले गोंडे. घड्याळे दुरुस्त करताना केसाएवढ्या स्प्रिंगचे माप नजरेने सांगणारे हे ठेंगणे गृहस्थ शालीच्या दुकानात मात्र माप विसरले होते. "तुम्हाला याच्या खालचं माप बसेल," दुकानदार आदराने म्हणाला. शेजारी उभा असलेला ताडमाड मेव्हणा हसला, आणि घड्याळजींनी सर्वांत मोठी शाल बांधून घेतली. मेव्हण्याने स्वतःसाठी मफलरसारखी अरुंद घेतली. आता मात्र त्याचा डोळा या मोठीवर होता.

शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतिदिनाच्या सकाळी सिनेगॉगच्या, त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या दारात घड्याळजींनी शाल मस्तकावरून ओढून स्तुतिवचन म्हटले. वचन उत्तम झाले. पण नंतर त्यांना शालीतून बाहेर येण्याची वाट सापडेना. चालू लागले तो पाय गोंड्यावर पडला. गोंडा तुटला तर शाल प्रार्थनेला निरुपयोगी; म्हणून ते जागीच थिजले, आणि मागून येणारे वृद्ध एकमेकांवर आदळले.

"मूर्ती लहान, शाल महान," मेव्हणा पुटपुटला.

बाकावर बसल्यावर जरा स्थैर्य लाभले. परंतु शेजारचे स्थूल गृहस्थ नेमके शालीच्या टोकावर विराजमान झाले होते. सभा उभी राहिली, घड्याळजीही उभे राहिले. शेजाऱ्यांना उठायला वेळ लागे; शाल त्यांच्याखाली बसूनच राहिली. मेव्हण्याने ती सोडवून त्यांच्या खांद्यांवर घातली.

"जपून, भावोजी. माझ्याकडे येईपर्यंत मळवू नका."

वरच्या, बायकांच्या सज्जात पत्नीने कपाळाला हात लावला. शाल गेली, हे घड्याळजींनी ओळखले.

इतक्यात याजककुळातील पुरुष आशीर्वाद देण्यास पुढे झाले. त्या वेळी त्यांच्याकडे पाहू नये असा संकेत. म्हणून पुरुष शाल डोक्यावर ओढून लेकरांना तिच्या छायेत घेतात. घड्याळजींनी हात पसरले. त्यांच्या दोन्ही चिमुकल्या नाती आत शिरल्या. स्थूल गृहस्थांची पोरे आली. तरी जागा उरलीच. मग बापाच्या मफलरखाली न मावणारी मेव्हण्याची धाकटी लेक धावत आली, आणि आतून तिचा आवाज आला, "बाबा, तुम्हीपण या ना. इथे खूप जागा आहे."

मेव्हणा आपली अरुंद शाल डोक्यावर ठेवू पाही, ती घसरून गळ्यात येई. अखेर तो हळूच म्हणाला, "सरका जरा, भावोजी."

"सरकायला कशाला हवं, मेव्हणेबुवा? तुम्ही वाका."

मेव्हणा कमरेत वाकला. आशीर्वाद सर्वांवर एकदमच उतरला. मिटल्या डोळ्यांनी तो ग्रहण करताना घड्याळजींना आपण इतके प्रशस्त आहोत, असे आयुष्यात प्रथमच वाटले.

प्रार्थना आटोपून पत्नी खाली आली, तेव्हा घड्याळजी शाल उतरवून तिच्या हाती देऊ लागले.

"राहू द्या अंगावर," ती म्हणाली. "रस्त्यातल्या लोकांनाही दिसू दे." मग भावाकडे वळली. "आणि तू रे, बघत काय बसलायस? मागचं टोक उचल. गोंडे धुळीत लोळतायत."

घर तसे जवळच होते. एरवी झपझप चालणारे घड्याळजी त्या दिवशी फार सावकाश चालले.