ढालीवर उतरवलेला कुकर

"अगं, हे काय करून ठेवलंस!" खेळाच्या सरांची आरोळी स्वयंपाकघरातून थेट गल्लीत पोहोचली. त्यांची बायको मात्र शांतपणे कांदा चिरत होती.

"काय केलं? कुकर उतरवला."

"कशावर उतरवलास?"

"त्या फळकुटावर. ओट्यावर पडलं होतं ते."

"फळकूट? अगं, रिलेची फिरती ढाल आहे ती! आंतरशालेय! पॉलिश करायला शाळेतून आणली होती मी."

"मग पॉलिश करायची वस्तू शेगडीशेजारी ठेवतात का? आणि ढाल म्हणजे वार झेलायलाच असते ना? एक कुकर झेलला तर कुठे बिघडलं?"

बिघडलं होतं, चांगलंच बिघडलं होतं. लाकडावर कुकरच्या बुडाएवढं काळंकुट्ट कडं उमटलं होतं आणि पितळी धावपटू नेमका त्या कड्याच्या मधोमध आला होता. सर्कशीतला वाघ जळत्या चक्रातून उडी मारतो ना, अगदी तसा. सरांनी ते आधी ओल्या फडक्यानं पुसलं, मग लिंबानं घासलं, शेवटी पॉलिश लावलं. पॉलिशनं कडं आणखी चकाकायला लागलं.

ढाल सुताराकडे गेली. त्यानं ती उलटीपालटी करून पाहिली. "नवी फळी घालून देतो. आठवडा लागेल. पण जुन्या पट्ट्या काढताना तुटल्या तर माझ्या नावानं ओरडायचं नाही." त्या पट्ट्यांवर बावीस वर्षांच्या विजेत्या शाळांची नावं होती. सरांनी ढाल काखेत मारली आणि घरी आणली.

सर तसे हार मानणाऱ्यातले नव्हेत. वीस वर्षं शिट्टी फुंकून त्यांच्या छातीत हवेबरोबर आत्मविश्वासही भरला होता. त्यांनी नियमांची पुस्तिका काढली आणि हवं ते वाक्य सापडताच मांडीवर थाप मारली. सलग तीन वर्षं जिंकणाऱ्या शाळेकडे ढाल कायमची राहते! दोन वर्षं आपणच जिंकलोय. महिन्यानं तिसरी स्पर्धा. जिंकलो की ढाल आपली, मग कपाटावर ठेवायची, तोंड भिंतीकडे. कोण बघायला येतंय?

"सुताराच्या हातापेक्षा माझ्या पोरींचे पाय जास्त भरवशाचे आहेत," सर म्हणाले.

"त्या पोरींना विचारलंत का?" बायकोनं विचारलं. सरांनी ते ऐकलं नाही.

त्यांच्या रिलेच्या चार मुली म्हणजे मैदानावरचा नुसता कलकलाट. शेवटचा टप्पा पळणारी त्यांची कप्तान, लांब काटकुळ्या पायांची आणि अखंड बडबडणारी, म्हणून तिचं नाव टिटवी. तासभराच्या सरावात अर्धा तास पकडापकडी, पाच मिनिटं भांडण, दहा मिनिटं खिदळणं आणि उरलेल्या वेळात पळणं. त्यात त्या दोन वर्षं जिंकल्या होत्या. सरांनाही त्यात गंमत वाटायची, कधी कधी तेही पकडापकडीत उतरायचे आणि हटकून पकडले जायचे.

दुसऱ्या दिवसापासून ते सगळं बंद झालं. सकाळी साडेपाचला हजेरी. बोलायचं नाही. हसायचं नाही, हसण्यात दम वाया जातो. गोड बंद, तळलेलं बंद, सायकलवर डबलसीट बंद. प्रत्येकीच्या नावाची वही आणि वहीत सेकंदाचे दशांश. बॅटन देण्याघेण्याचा सराव रोज साठ वेळा, आणि एकदा जरी ती पडली तरी पुन्हा पहिल्यापासून.

"सर, पकडापकडी?" तिसऱ्या दिवशी टिटवीनं विचारलं.

"जिंकल्यावर."

"सर, आपण एवढं कशासाठी करतोय? आपण तर जिंकतोच ना?"

"प्रश्न विचारण्यातही दम जातो. चल, पळ."

आठवडाभरात एकीचा गुडघा दुखायला लागला, दुसरीचं पोट. तिसरीच्या मावसबहिणीचं लग्न निघालं आणि ते तब्बल चार दिवस चाललं. सरांच्या वहीतले आकडे कमी व्हायचे सोडून वाढत चालले. जसजसे आकडे वाढले, तसतशी शिट्टी वाढली. आणि स्पर्धेच्या दोन दिवस आधी सरांच्या टेबलावर एक चिठ्ठी आली, खाली चार सह्या.

"आदरणीय सर, आम्हाला आता पळायला आवडत नाही. नाव दिलंय म्हणून शनिवारी येऊ. त्यानंतर आम्हाला संघातून कायमचं वगळावं ही नम्र विनंती. ता. क. टिटवीला झोपेतही शिट्टी ऐकू येते."

सरांनी ती तीनदा वाचली. या पोरी तिसरीत असताना चप्पल हातात घेऊन त्यांच्या मागे मैदानभर धावल्या होत्या. सरांना फार वाईट वाटलं. घरी जाऊन त्यांनी चिठ्ठी बायकोपुढे ठेवली.

बायकोनं ती वाचली. "ढालीला चटका मी दिला. कबूल. पण पोरींना तुम्ही दिलात."

सर त्या रात्री थोडंच जेवले. पण आता माघार कशी घ्यायची? दोनच दिवस तर राहिले होते.

शनिवारी मैदान गच्च भरलं होतं. मोठ्या बाई, म्हणजे त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, पुढच्या रांगेत बसल्या होत्या. अंतिम शर्यतीला अर्धा तास असताना स्पर्धेचे अध्यक्ष, एक हसतमुख म्हातारे गृहस्थ, सरांजवळ आले आणि त्यांनी प्रेमानं सरांचा हात धरला.

"सर, आज जिंकलात तर इतिहास! ढाल कायमची तुमची. मंचावर खास सोहळा ठेवलाय, सगळ्यांसमोर ढाल उलगडायची, फोटो काढायचे. तुमच्या घरी माणूस पाठवून मी ती मागवूनसुद्धा घेतली. वहिनींनी चादरीत छान गुंडाळून दिलीय."

सरांच्या पायाखालची जमीन सरकली. "आणि... आणि दुसरं कुणी जिंकलं तर?"

"मग काय घाई? तुम्ही घरी घेऊन जा. पुढच्या आठवड्यात त्यांच्या शाळेत कार्यक्रम करून देऊ."

पुढचा आठवडा! सुताराला आठवडाच तर हवा होता. घ्या! महिनाभर ज्या विजयासाठी सरांनी पोरींचा जीव खाल्ला, तोच विजय आता त्यांच्या मुळावर आला होता. ते तडक मुलींकडे गेले. चौघी ओळीत गप्प बसल्या होत्या, दवाखान्यात नंबराची वाट बघत बसावं तशा.

"हे बघा पोरींनो," सर म्हणाले, "आज हरलात तरी चालेल."

चौघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"सर, ताप आहे का तुम्हाला?" टिटवीनं विचारलं.

"ताप नाही. मी खरंच सांगतोय. उलट हरलात तर बरंच. दुसऱ्या, तिसऱ्या, शेवटच्या या. वेळ मी बघणार नाही. बॅटन पडली तर पडली. मजा करा."

"हसलं तर चालेल?"

"खिदळा."

"आणि मी पळताना ओरडले तर?"

"गाणं म्हण!"

एकीला फिसकन हसू आलं. मग दुसरीला. मिनिटाभरात चौघी एकमेकींना ढकलत, तोच जुना कलकलाट करत पट्टीवर गेल्या. सरांना बरं वाटलं. असा दंगा करत कुणी जिंकत नसतं, हे त्यांचंच तर गेल्या महिन्याभराचं म्हणणं होतं.

बार झाला. पहिली हसत सुटली आणि दोन पावलं पुढे गेली. दुसरीनं बॅटन घेताना "आली, आली!" असा गलका केला आणि अंतर वाढवलं. "अगं, सावकाश!" सर ओरडले, पण त्या गोंगाटात ते कुणाला ऐकू जाणार! तिसरी तर पकडापकडीत पळावं तशी मान मागे वळवून पळाली. टिटवीच्या हातात बॅटन आली आणि ती जी सुटली! शेजारच्या पट्टीवरची मुलगी अगदी खांद्याला खांदा लावून आली होती. तिचे सर, पांढऱ्या टोपीवाले, कडेनं धावत "मान खाली! श्वास! श्वास!" असं किंचाळत होते. टिटवी तोंड उघडून चक्क गात होती. तिनं फीत तोडली तेव्हा सर जागच्या जागी दोन फूट उडाले, दोन्ही हात वर करून ओरडले, आणि मग त्यांना चादर आठवली.

मंचावर अध्यक्षांनी गाठ सोडली. चादर घसरली. टाळ्या वाजता वाजता थांबल्या. मोठ्या बाईंनी चष्मा चढवला.

"हे... हे कडं कसलं?" अध्यक्षांनी विचारलं.

सरांनी घसा साफ केला आणि छाती पुढे काढून माईक घेतला. बुडायचंच तर ताठ मानेनं. "कुकरचं," ते म्हणाले, आणि मग त्यांनी सगळंच सांगून टाकलं. कुकर, लिंबू, सुतार, साडेपाचची हजेरी. "चूक माझी. शिक्षा या चौघींनी भोगली. त्यांची माफी मागतो."

अध्यक्षांनी कड्यावरून बोट फिरवलं, नियमांची पुस्तिका उघडली, मिटली. "तक्रार कुणी करायची? ढाल पाच मिनिटांपूर्वीच तुमची झाली. आता तिच्यावर कुकर ठेवा, नाहीतर तवा." मैदानावर हशा फुटला. सर्वांत आधी मोठ्या बाई हसल्या, म्हणून सरही हसले.

मंचाखाली सरांनी टिटवीला गाठलं. चिठ्ठी त्यांच्या खिशातच होती. ती काढून ते म्हणाले, "सोमवारपासून तुमची नावं काढतो. तुम्ही लिहिलंय तसं."

टिटवी त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती मैदानाच्या त्या टोकाला बघत होती. तिथे दुसऱ्या आलेल्या चार मुली रडत रडत पुन्हा फेऱ्या मारत होत्या आणि पांढऱ्या टोपीवाले सर घड्याळ धरून उभे होते.

"सर, सोमवारी पकडापकडी आहे ना?"

"तू म्हणशील तर आहे."

"मग त्या चौघींना पण बोलवू का?"

सरांनी चिठ्ठीचे चार तुकडे केले. "बोलव. पण आधी त्यांच्या सरांना बोलव. पहिलं राज्य त्यांच्यावर."