यमुताईंचा वाघ

नातवंडाच्या बारशाला गळ्यात वाघनख बांधण्याची यमुताईंच्या घरची रीत कायद्याने बंद पाडली होती. म्हणून परदेशी असलेल्या धाकट्या मुलाने तिकडच्या सरकारी टांकसाळीचे, वाघाची छबी असलेले सोन्याचे नाणे पाठवले. कायदाही राखला गेला, रीतही. यमुताईंनी थोरल्या सुनेच्या आईला, अंजनाबाईंना, लगोलग कळवले की आमचा नातू वाघ गळ्यात घालूनच पाळण्यात निजेल.

बारशाच्या दिवशी सकाळपासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. नाणे कडी लावायला इतवारी बाजारात बापूजी सोनारांकडे होते. नंदनवन वस्तीतल्या घराच्या फाटकात उभ्या राहून त्यांनी फोनवर बजावले,

"बापूजी, वाघाच्या डोक्याले धक्का नका लावू. भोक वरतून पाडा. अन् घासू नका, पट्टे जातात. संध्याकाळच्या आत मले वाघ घरी पाहिजे."

शेजारचे चंपतराव कुंड्यांना पाणी घालत होते. ते झारी तिथेच टाकून आत गेले आणि त्यांनी वनखात्याला फोन लावला.

थोड्याच वेळात फाटकापाशी जीप थांबली. साहेबांनी वाघाची चौकशी केली. स्वतःच्या दारात कोणी जाब विचारावा, याची यमुताईंना सवय नव्हती.

"इतवारीत आहे, बापूजी सोनाराकडे. जाऊन पाहा. पण हात लावू नका," त्या म्हणाल्या.

जीप वळली, तेव्हा त्यांना आपल्याच बोलण्याचा अर्थ उमगला. बापूजी फोन उचलेनात. वनखात्याला आपणच कळवल्याचे कबूल करणाऱ्या चंपतरावांना त्यांनी हाताला धरून ऑटोत बसवले. इतवारीच्या गल्लीत हातगाड्यांनी वाट अडवली, तशा त्या खाली उतरून पायीच निघाल्या. चंपतराव मागून क्षमा मागत होते.

दुकानाची झडती घेऊन जीप परत गेली होती. बापूजी घाम पुसत हसत होते.

"घाबरू नका यमुताई. खाकीवाले 'यमुताईचा वाघ काढा' म्हणून राहिले होते. मले वाटलं, नाण्यावरच्या वाघालेही बंदी आली. तसंच मुशीत टाकून वितळवलं. पुरावाच नाही ठेवला."

त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर सोन्याचा एक गुळगुळीत गोळा होता.

दुसरे काही करायला वेळ नव्हता. त्या गोळ्यालाच कडी लागली आणि तो बाळाच्या गळ्यात गेला. अंजनाबाईंनी चष्मा लावून तो सगळीकडून फिरवून पाहिला.

"यमुताई, वाघ तर कुठीच दिसून नाही राहिला."

बायका पाळण्यावर वाकल्या. चंपतरावांनी ताटात घातलेली मान वर केली नाही. यमुताईंनी शांतपणे पदर सारखा केला.

"विहीणबाई, तुम्ही तर दोनदा ताडोब्याले जाऊन आल्या. तिथं तरी दिसला होता का?"