खालच्या अंगाचं पाणी

एका जंगलात एक ओढा होता आणि त्या ओढ्याला एक रीत होती. ऐका नीट, बाळांनो, मध्ये चुळबुळ नको.

रीत अशी. जे जंगलात आधी आले, त्यांनी वरच्या अंगाला पाणी प्यायचं. जे नंतर आले, त्यांनी त्यांच्या खाली. जो अगदी शेवटी आला, त्यानं अगदी खाली. म्हणजे वरच्यांनी पाय बुचकळले, शेपट्या खळबळल्या, की ते सगळं वाहत वाहत खालच्याच्या तोंडाशी यायचं.

सगळ्यात वर आबासाहेब वानर. "आम्ही मूळचे," असं ते येताजाता सांगत. "आम्ही आलो तेव्हा इथं चिटपाखरू नव्हतं."

त्यांच्या खाली गवाकाका. वानरांची पहिली टोळी टेकडी उतरून आली, ती गवाकाकांच्या पणजोबांनी डोळ्यांनी पाहिली होती. तशी त्यांच्या घरात आठवण होती. पण हातात कच्चं बेलफळ घेऊन झाडावर बसलेल्याशी इतिहासावर वाद कोण घालणार? गवाकाका म्हणत, "असेल बुवा," आणि पाण्यात तोंड घालत.

त्यांच्या खाली रानडुकरं. रानडुकरं पाणी पितात कमी आणि त्यात लोळतात जास्त, हे तुम्हाला माहीतच आहे. आणि डुकरांच्या खाली, अगदी शेवटच्या जागी, सगुणा भेकरीण.

भेकर म्हणजे लहानसं हरीण. सगुणाचं जंगल वणव्यात जळालं, तेव्हा ती आपल्या चिमीला घेऊन इथं आली. उतारावर सगळं जंगल उभं होतं. सगळे एका सुरात म्हणाले, "आलात, बरं केलंत. परत कधी निघणार?"

हे इथलं स्वागत. प्रत्येकाला तो प्रश्न कधी ना कधी विचारला गेला होता आणि प्रत्येकाच्या जिव्हारी लागला होता. लागला, म्हणून तर पाठ झाला होता.

सगुणाच्या खुरांना अजून राख होती. ती गुपचूप खालच्या अंगाला जाऊन उभी राहिली.

ते पाणी पिऊन पिऊन चिमीला खोकला लागला. सकाळी उठली की खोकायची, निजताना खोकायची. सगुणाचा जीव तीळ तीळ तुटायचा. ती आबासाहेबांकडे गेली. "आबा, पोरीला एक घोट वरचं पाणी मिळालं तर..."

"देईन की गं," आबासाहेब म्हणाले. "माझं काय जातंय? पण रीत मोडते ना! तुझ्यानंतर कोणी आलं, की तू आपोआप वर सरकशील, डुकरांच्या बरोबरीला. धीर धर."

तेव्हापासून सगुणा रोज उताराकडे डोळे लावून बसायची. कोणी तरी यावं. कोणावर तरी संकट यावं, असं मात्र ती म्हणत नसे. ती चांगल्या मनाची होती. ती एवढंच म्हणे, की कोणी तरी यावं.

आणि एक दिवस खवले कुटुंब आलं. धोंडू खवले आणि त्याची बायको तानी. जातीनं खवल्या मांजर. अंगभर खवले, लांब नखं. कोणी जोरात बोललं की दोघंही अंगाचा गोळा करून धोंड्यासारखी पडून राहायची.

जंगलाची सभा भरली.

"खातात काय हे?" गवाकाकांनी विचारलं.

"मुंग्या," धोंडू गोळ्यातून म्हणाला.

"बघा! आमच्या मुंग्या!" आबासाहेब कडाडले. त्या जंगलात मुंग्यांना कोणी कधी विचारलं नव्हतं. पण आता सगळ्यांना मुंग्यांचा असा काही पुळका आला, की डुकरीणबाईंनी तर डोळे पुसले.

सगुणा पुढे झाली. "असू द्या हो," ती म्हणाली. "बेघर झालेत बिचारे. येऊ द्या त्यांना. आपल्यातही माया आहे की नाही?"

तुम्ही टाळ्या वाजवू नका. ती काय म्हणत होती ते ऐकलंत, पण ती बोलताना कुठे बघत होती ते पाहिलं नाहीत. ती डुकरांच्या शेजारच्या जागेकडे बघत होती.

खवल्यांना जंगलात घेतलं. सगुणा एक जागा वर सरकली. आणि धोंडू खालच्या अंगाला निघाला, तेव्हा तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "आलात, बरं केलंत. परत कधी निघणार?"

तिची तिलाच लाज वाटली. पण त्या सकाळी पाणी जरासं नितळ होतं आणि चिमी कमी खोकली. मग लाज किती वेळ टिकणार?

पुढच्या उन्हाळ्यात ओढा आटला. आधी कुठे आटला म्हणाल? वर! वर सगळा खडक. आबासाहेबांची जागा तव्यासारखी तापली. मग गवाकाकांची कोरडी झाली. डुकरांना लोळायला चिखल उरला नाही. ओढ्याचं नुसतं वाळूचं पात्र राहिलं.

धोंडू खवलेनं मात्र खालच्या अंगाला नखांनी वाळू उकरली. खोल, अजून खोल. तळाशी ओल आली, मग पाणी झिरपलं. काचेसारखं स्वच्छ आणि गारगार. अशा खड्ड्याला झिरा म्हणतात. तो रोज सकाळी उपसावा लागतो, नाही तर वाळू ढासळून बुजतो. धोंडू आणि तानी रोज उठून तेच करायची.

पहिल्या दिवशी धोंडूनं हाक मारली, "सगुणाताई, चिमीला आणा. खोकतीय बिचारी."

चिमी पोटभर प्यायली. रोज प्यायला लागली. तिचा खोकला पळाला.

असली बातमी लपते होय? दोन्ही काठांनी सगळं जंगल खाली आलं आणि झिऱ्याभोवती उभं राहिलं. पण अडचण रीतीची! शेवटची जागा शेवटी आलेल्याची. आणि रीत तर मोडायची नाही.

आबासाहेबांनी घसा खाकरला. "खरं सांगायचं तर," ते म्हणाले, "आम्ही तसे अगदी अलीकडचे."

"तुमच्याही नंतर आम्ही," गवाकाका घाईनं म्हणाले. "मला तर अजून इथं परक्यासारखं होतं बघा."

"मला अजून वाटा कळत नाहीत," डुकरीणबाई म्हणाल्या. त्यांचा जन्म तिथलाच.

अशी ज्याची त्याची नवखेपणाची चढाओढ लागली. पण खवले समोर बसलेले. ते काल-परवा आलेले सगळ्यांनी पाहिलेले. शेवटी आबासाहेबांनाच तोड सुचली. "धोंडूरावांचे खवले बघा! आपल्या डोंगराच्या कपारीसारखे. एवढं जुनं अंग नव्या पाहुण्याचं असतं का? हेच खरे मूळचे! आपण सगळे यांच्या मागून आलो. यांची जागा मानानं सगळ्यात वर."

"पण साक्ष कोणाची?" गवाकाका म्हणाले.

सगळे सगुणाकडे वळले. खवल्यांच्या आधीची शेवटची तीच.

आबासाहेब तिच्या कानाशी आले. "खरं बोललीस तर रीतीप्रमाणे झिरा एकट्या खवल्यांचा. खोटं बोललीस, तर पहिला घोट तुझ्या चिमीचा. बघ बाई."

सगुणानं चिमीकडे पाहिलं. धोंडू रोज पाणी देत होता, हे तिला ठाऊक होतं. पण उद्या? आपण त्याच्या जागी असतो तर दिलं असतं का? या प्रश्नाचं उत्तर तिला आवडलं नाही. आपण दिलं नसतं, तेव्हा तोही उद्या देणार नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

"मी आले," ती खाली मान घालून म्हणाली, "तेव्हा खवले इथंच होते."

धोंडूनं अंगाचा गोळा केला नाही. त्यानं फक्त तिच्याकडे पाहिलं.

वाजतगाजत खवल्यांना वर नेऊन बसवलं. वर खडक. नखं घासली, पण पाणी कुठून येणार? काही दिवसांनी दोघं टेकडीपलीकडे निघून गेली. "मूळची माणसंच जंगल सोडतात," आबासाहेब हळहळले, "काय हे दिवस आले!"

इकडे झिऱ्याभोवती भांडण चालूच. सगळ्यात नवीन कोण, हे ठरेना. भांडता भांडता कोणी काठ तुडवला, कोणी आत लोळलं. उपसायचं कोणी? वाळू ढासळली आणि झिरा बुजला. चिमी पुन्हा खोकायला लागली.

मग सगळं जंगल चालायला लागलं. वानर, गवे, डुकरं, भेकरं. टेकडीपलीकडे दुसरं जंगल होतं, तिथंही एक आटलेला ओढा. आणि ओढ्याच्या उतारावर, ताज्या झिऱ्याच्या काठाशी, धोंडू खवले बसलेला.

सगळे थबकले. सगुणा सर्वांत मागे. आता तो काय विचारणार, ते तिला शब्दन् शब्द पाठ होतं. तिनं चिमीला पोटाशी धरलं आणि डोळे मिटून घेतले.

धोंडू उठला. तो झिऱ्यापासून बाजूला सरला.

"सगुणाताई," तो म्हणाला, "चिमीचा खोकला कसा आहे?"

सगुणानं डोळे उघडले. चिमी धावत जाऊन पाण्याला लागली. मग सगळेच प्यायले, अगदी पोटभर.

आबासाहेबांनी तोंड पुसलं. इकडे तिकडे पाहिलं. "चौकशी नाही, रीत नाही," ते म्हणाले. "कसलं हे जंगल! आपल्यालाच आता सगळं नीट लावून द्यावं लागणार."

आणि ते एक कच्चं बेलफळ घेऊन उतारावरच्या झाडावर जाऊन बसले. लांबून कोणी तरी येताना दिसत होतं.

तात्पर्य : दारी आलेल्याला चौकशीआधी कधीही पाणी देऊ नये. पाणी पोटात गेलं की त्याच्या अंगात बळ येतं, आणि तो मूळचा होतो.