भिंगरीचा पासपोर्ट साइज फोटो

आमच्या पाळीव प्राणी पुनर्वसन कार्यालयाचा एक साधा नियम आहे. आवारात दाखल झालेल्या प्रत्येक प्राण्याचा फोटो वेबसाइटवर लावायचा, तो पाहून लोकांनी अर्ज करायचे, आणि नव्वद दिवसांत घर मिळाले नाही तर प्राण्याला दूरच्या केंद्रात पाठवायचे. दूरचे केंद्र नावाप्रमाणेच दूर आहे. तिथे मोकळी हवा आहे, भक्कम कुंपण आहे आणि बघायला कुणीही येत नाही. मी खरेदी शाखेत वरिष्ठ लिपिक आहे. बावीस वर्षांच्या सेवेत तिथून परत आलेला एकही प्राणी मी पाहिलेला नाही.

फोटोच्या अटीही अवघड नाहीत. चेहरा समोर, दोन्ही कान दिसणारे, डोळे उघडे, तोंड बंद, मागे पांढरा पडदा. कर्मचाऱ्यांच्या ओळखपत्राच्या अटी आम्ही जशाच्या तशा घेतल्या आणि शेपटीसाठी एक रकाना वाढवला. कासवे, म्हातारी मांजरे आणि एक बहिरा ससा यांची आजवर काही तक्रार आली नाही.

मग भिंगरी आली. आठ महिन्यांची तपकिरी कुत्री, एक कान उभा, एक पडलेला. नाव मावशींनी ठेवले. मावशी म्हणजे प्राण्यांना खाऊ घालणाऱ्या, पिंजरे धुणाऱ्या. ज्यांच्यावाचून आवारातले सगळे अडते आणि हजेरीपटावर ज्यांचे नाव सर्वांत खाली असते, त्या. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर भिंगरीचे फोटो काढून चौदा वेळा सादर केले आणि मी ते चौदाही वेळा परत पाठवले. पहिल्या फोटोत नुसती शेपूट होती. पाचव्यात चार कान होते. नवव्यात मावशींची चप्पल होती, तीही हवेत. चौदाव्यात पांढरा पडदा अतिशय सुरेख आला होता, फक्त त्याच्यापुढे कुत्री नव्हती.

"दादा, अहो, ती एका जागी बसतच नाही हो," मावशी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या. "पिल्लूच आहे ते. तुम्ही एकदा येऊन बघा तर खरं."

मी गेलो. सात मिनिटांत भिंगरीने माझा चष्मा चाटला, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि खिशातले पेन पळवले. मला ती फार आवडली. हे मी फाइलमध्ये लिहिलेले नाही, कारण तसा रकाना नाही. पण ही पोर दूरच्या केंद्रात जाता कामा नये असे मला मनापासून वाटले आणि माझ्या अधिकारात होते ते सर्व मी केले. म्हणजे टिपणी लिहिली: "चपळ पाळीव प्राण्यांच्या छायाचित्रणासाठी परवडणारा व वापरण्यास सोपा कॅमेरा खरेदी करणेबाबत." तो भिंगरीचा एकोणिसावा दिवस होता.

घरी जाताना वाटेत कॅमेऱ्याचे दुकान लागते, तिथे चौकशी केली. दुकानदार स्टुलावरून न उठता म्हणाला, "धावणारं कुत्रं ना? मग फोकस चटकन धरणारा हवा, शटर जलद हवं आणि एका बटणावर चालला पाहिजे. हा घ्या. डोळा दिसला की आपोआप पकडतो. मागच्या वर्षीचं मॉडेल आहे, निम्म्या किमतीत देतो." त्याने तो कॅमेरा समोरून जाणाऱ्या सायकलवाल्यावर रोखला, बटण दाबले आणि फोटो मला दाखवला. चाकाच्या तारा एकेक मोजून घ्याव्यात.

मी घाबरलो. चार मिनिटांत सापडलेले उत्तर घेऊन कोणता लिपिक कार्यालयात परत जातो? लोक काय म्हणतील?

"तीन दरपत्रकं लागतील," मी म्हणालो.

"उरलेली दोनही मीच लिहून देऊ, की शेजारच्याकडून आणू?" त्याने विचारले. माणूस अनुभवी होता.

साहेबांनी माझ्या टिपणीतल्या प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ ओढली. "परवडणारा म्हणजे कुणाला? चपळ म्हणजे नेमकं किती? आणि सोपा आहे हे ठरवणार कोण?" प्रश्न बिनतोड होते. समिती नेमली गेली. साहेब अध्यक्ष, आमचे पशुवैद्य डॉक्टर सदस्य आणि मी कार्यवाह. डॉक्टरांनी भिंगरीला चपळ असल्याचा दाखला द्यायचा होता, पण ती तपासणीसाठी थांबेना. ती थांबत नाही तोवर तपासणी पूर्ण होईना आणि थांबली असती तर दाखला मिळाला नसता. शेवटी डॉक्टरांनी लिहून दिले, "वजन: अंदाजे. चपळाई: निश्चित." यात सव्वीस दिवस गेले.

"सोपा" या शब्दाचा निकाल मात्र साहेबांनी तडकाफडकी लावला. कार्यालयात सर्वांत ज्येष्ठ ते. त्यांना जमला तो कॅमेरा सोपा. दुकानदाराने तीन कॅमेरे आणून टेबलावर मांडले. पहिला, सायकलवाला टिपणारा, साहेबांनी उलटा धरला आणि त्यात त्यांच्या डाव्या डोळ्याचा अप्रतिम फोटो आला. साहेब दचकले आणि शेरा पडला, "अवघड." दुसरा त्यांनी बराच वेळ उघडून पाहिला. तो उघडायचा नव्हता. तिसरा जाडजूड होता, वर बशीएवढे बटण. साहेबांनी ते दाबले, खट्ट असा आवाज झाला आणि साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले.

"हा सोपा. किंमत?"

"सगळ्यांत कमी, साहेब. अकरा वर्षं कुणी नेलाच नाही ना." दुकानदार कळवळून पुढे म्हणाला, "पण याचं काम फार सावकाश आहे हो. इमारतींचे फोटो काढायला ठीक. हलणारं काही यात येत नाही."

"आमच्या कार्यालयात हलणारं काही नाही," साहेब म्हणाले.

तरीही खरेदीआधी प्रत्यक्ष प्राण्यावर चाचणी घेणे बंधनकारक होते. इथे नवी अडचण उभी राहिली. आमचे कार्यालय प्राण्यांचे असले तरी इमारतीत प्राण्यांना प्रवेश नाही. समितीने आवारात जावे तर समितीला बैठकभत्ता फक्त इमारतीतल्या बैठकीचा मिळतो. मग साहेबांनी घरून नातीचे कापसाचे कुत्रे आणले. डोळ्यांच्या जागी बटणे, तोंड धाग्याने शिवलेले.

"पण साहेब, चपळ पाहिजे ना," मी शंका काढली.

"मग दोरी बांधा आणि ओढा की! सगळं मीच सांगायचं का?"

मी दोरी बांधली. टेबलाखाली बसून, बावीस वर्षांची सेवा झालेला मी, कापसाचे कुत्रे ओढू लागलो. फोटो हलला. पुन्हा ओढले, पुन्हा हलला. सहाव्या वेळी असे ठरले की बटण दाबून आवाज झाल्यावरच दोरी ओढायची. त्यानंतर आलेला फोटो पाहून समिती उभी राहिली. चेहरा समोर, दोन्ही कान, डोळे उघडे, तोंड बंद. इतका नियमाला धरून असलेला फोटो आमच्या कार्यालयाने पाहिलाच नव्हता. डॉक्टरांनी प्राणी चाचणीदरम्यान धावत असल्याची साक्ष दिली. कॅमेरा मंजूर झाला.

तो हातात पडला तेव्हा भिंगरीचा अठ्ठ्याहत्तरावा दिवस होता. मावशींनी दोन दिवसांत तीनशे फोटो काढले. तीनशेही फोटोंत कुणीतरी तपकिरी रंगाचे फडके मारून गेल्यासारखे दिसत होते. मी अहवाल ठेवला.

"कॅमेरा चपळ प्राण्यांसाठी प्रमाणित आहे ना?" साहेबांनी विचारले.

"आहे."

"मग दोष प्राण्याचा. मंजुरीपेक्षा जास्त चपळ दिसतोय."

नाचता येईना अंगण वाकडे, असे म्हणतात. इथे अंगणाला प्रमाणपत्र होते आणि नाचणारी नको इतकी चांगली नाचत होती, म्हणून नोटीस तिला निघाली. "सर्व प्राण्यांनी छायाचित्रणाच्या वेळी स्थिर राहावे." संबंधितांना वाचता यावी म्हणून ती जमिनीपासून एक फुटावर चिकटवली. भिंगरीने ती वाचली की नाही ते कळले नाही, पण तासाभरात तिने ती खाल्ली.

त्र्याऐंशीव्या दिवशी मावशी पुन्हा आल्या. या वेळी टेबलापाशी न येता दारातच उभ्या राहिल्या.

"दादा, सातच दिवस राहिले. माझ्या मोबाइलमधला एखादा लावून टाका ना. शेपूट तर शेपूट."

"शेपटीचा रकाना वेगळा आहे, मावशी."

मावशी पिंजरे धुवायला निघून गेल्या. त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते. मला माझी लाज वाटली. त्या भरात मी जे केले ते कबूल करतो. वेबसाइट उघडली, भिंगरीचे पान काढले. नाव, वय, "खेळकर, माणसांची ओढ असलेली" हे सगळे खरे लिहिले. फोटोचा रकाना मोकळा सोडला तर पान पुढे सरकत नाही. नव्या कॅमेऱ्यातून निघालेला, सर्व अटी पुऱ्या करणारा आमच्याकडे एकच फोटो होता. मी तो लावला.

संध्याकाळपर्यंत दोनशे बारा अर्ज आले.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी निवडलेले पहिले कुटुंब आले. नवरा, बायको आणि सासूबाई. मावशींनी भिंगरीला अंघोळ घालून आणले होते. तिने पाहुण्यांना पाहिले मात्र, आनंदाने तीन गिरक्या घेतल्या आणि सासूबाईंच्या गुडघ्यावर पाय ठेवला.

"अगंबाई!" सासूबाई मागे सरल्या. "ही हलते!"

"फोटोत तर किती शांत होती," नवरा म्हणाला.

"आणि तोंड उघडं आहे हिचं," बायको म्हणाली. "जेवते का ही? म्हणजे, रोज?"

"दोन वेळा जेवते," मावशी अभिमानाने म्हणाल्या, "सकाळ-संध्याकाळ फिरायला न्यायचं, आणि तुम्ही कामावरून घरी आलात ना, की अशी उड्या मारते बघा!"

"रोज?" तिघांनी एकदम विचारले.

त्यांची तक्रार साहेबांपर्यंत गेली. आम्ही फोटो बघून अर्ज केलाय, फोटोत आहे तेच द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. साहेबांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि मागणी रास्त असल्याचे सांगितले. नातीचा त्या खेळण्यातला जीव एव्हाना उडाला होताच. डॉक्टरांनी रोगमुक्त असल्याचा दाखला दिला, सही-शिक्का झाला, आणि भिंगरी, मादी, वय आठ महिने, कापूस, हिला घर मिळाल्याची नोंद मी स्वतः केली.

नव्वदाव्या दिवशी दूरच्या केंद्राची गाडी आली. ड्रायव्हरने यादी पाहिली, मग पिंजऱ्यात उड्या मारणाऱ्या भिंगरीकडे पाहिले.

"भिंगरी तर गेली म्हणताय. मग ही कोण?"

मी नोंदवही वरपासून खालपर्यंत पाहिली. "ही नोंदीत नाही."

"नोंदीत नाही ती नेता येत नाही," तो म्हणाला आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

मावशींना हे समजायला जरा वेळ लागला. समजले तेव्हा त्या तिथेच खाली बसल्या आणि भिंगरीने त्यांचे तोंड चाटून काढले. कर्मचाऱ्यांनी प्राणी घरी नेऊ नये असा नियम आहे, पण तो नोंदीतल्या प्राण्यांसाठी. संध्याकाळी मी फाटकाचा पास लिहिला: "मावशींसोबत पिशवी एक, हलणारे सामान एक." सही करताना झाला इतका आनंद मला बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.

उरलेल्या दोनशे अकरा अर्जदारांसाठी कार्यालयाने तेवढीच कापसाची कुत्री मागवली. आता पुनर्वसनाचे प्रमाण शंभर टक्क्यांच्या वर गेले आहे. पहिल्या कुटुंबाच्या घरी मी पाहणीला गेलो, तर सासूबाई म्हणाल्या, "गुणाची आहे हो! घरात आहे असं वाटतसुद्धा नाही." अर्ज रोज वाढताहेत आणि छाननीला माझ्याकडेच येतात. बहुतेकांत मजकूर एकच असतो: मुक्या जिवांची लहानपणापासून फार आवड, घरी एखादा हवाच, फक्त भुंकणारा नको, केस गळणारा नको, सोफ्यावर चढणारा नको, आणि सुट्टीत बाहेर जाताना अडचण व्हायला नको.

तुमचा अर्ज मी कालच मंजूर केला. सकाळी अकरा ते एक या वेळात येऊन ताबा घ्या. येताना मात्र पुढच्या दाराने या. मागच्या बाजूला प्राणी असतात.