अप्पांची वाजणारी छागल

माणिकअप्पा येताना आधी छुमछुम ऐकू येई. तुळजापुरात नवखा माणूस नवरी बघायला मागं वळे, आणि दिसे पांढऱ्या मिशांचा, निजामाच्या कचेरीतून पेन्शनीत निघालेला पेशकार. खांद्यांवर पाण्याची चार भांडी. आवाज चौथ्यातून येई. ती होती छागल, म्हणजे प्रवासात पाणी गार ठेवणारी कॅनव्हासची पिशवी.

आम्ही शेजारी. अप्पा भाजीला निघाले तरी चारही भांडी बरोबर. कोणी हसलं की म्हणत, "राज्य बदललं, तहान न्हाय बदलली. इंतजाम पाहिजे!"

एसटीत बाजूला बसणाऱ्याला ते इतिहास सांगत. "हा भोपळा आजोबांचा. भोपळ्याला फिरकीचं झाकण आलं, झाला वडलांचा तांब्या. तांब्या पलटणीत भरती झाला, अंगात घोंगडीचा कोट चढवला, झाली ही शिपायाची बाटली." छागलीबद्दल मात्र अवाक्षर नाही.

एका उन्हाळ्यात आम्ही दोघं उमरग्याला निघालो होतो. जळकोटजवळ इंजिन उकळलं. अप्पांनी तिन्ही भांडी ड्रायव्हरच्या हाती दिली. पाणी पुरलं नाही.

"अप्पा, ती छागल बी द्या," ड्रायव्हर म्हणाला.

"ती नाही."

"सोत्ताला ठिवली व्हय? हितं समदी गाडी तापलीया!"

"म्हातारं लई चिकट हाय," मागून एक बाई म्हणाली.

अप्पांनी छागल तळहातावर उलटी केली. थेंबही पडला नाही. पडले चांदीचे पैंजण.

"नवं लग्न होतं," अप्पा म्हणाले. "कामासाठी हैदराबादेला चाललो होतो. बायको तिथंच वाढलेली. म्हणाली, येताना छागल आणा. मी ही आणली. पोट धरून हसली, बोलली काही नाही. जन्मभर हिच्यातलं गार पाणी पाजलं मला. तिकडं पैंजणाला छागल म्हणतात, हे मेहुणीनं सांगितलं, तेव्हा ती गेली होती. मग हे घेतले. आता दोन्ही छागली एका जागी."

बाईनं पदर तोंडाला लावला. हसली की रडली, कळलं नाही.

ड्रायव्हर जळकोटच्या विहिरीवर जाऊन आला. इंजिन निवलं. तिन्ही भांडी त्यानं काठोकाठ भरून आणली होती. छागलीसाठीही त्यानं हात पुढं केला.

"हिला नको," अप्पा म्हणाले. "हिनं लई पाजलंय."

गाडी सुटली. उमरग्यापर्यंत रस्ता खड्ड्यांचा होता; छागल सारखी वाजत होती.